शस्त्रक्रियेनंतरची कंबर

काशीच्या अमृतराव घाटावर, म्हणजे हल्लीच्या राजाघाटावर, स्नानास दगडी पायऱ्या उतराव्या लागतात. कंबरेतील सरकलेल्या चकतीचा भाग शस्त्रक्रियेने काढलेल्या रोग्याच्या मते त्या पुन्हा उतरता येणे, हेच बरे होणे. भौतिकोपचारतज्ज्ञ मात्र स्नायूंचे बळ व वाकण्याचा कोन मोजतो. हालचालीने मणका निसटेल या भीतीने रोगी निजून राहतो; तज्ज्ञ भितो तो या निजण्यालाच, कारण त्याने पाठीचे स्नायू क्षीण होतात. येथे तज्ज्ञाचे म्हणणे ग्राह्य होय. ४ ते ६ आठवड्यांनी व्यायाम आरंभिल्यास वेदना लवकर ओसरतात आणि पुनःशस्त्रक्रियेचे प्रमाण वाढल्याचे दिसत नाही, असे अनेक प्रयोगांच्या २०१४ मधील कॉक्रेन आढाव्यात आढळले. पुरावा मात्र फारसा भक्कम नाही. ध्येय रोग्याचेच घ्यावे: प्रथम सपाटीवर चालणे, मग आधाराने दोन पायऱ्या, मग चार.