रोगकारक बुरशींची ओळख

भाताच्या मळणीच्या किंवा ऊसतोडीच्या दिवसांत एखाद्या शेतकऱ्याच्या डोळ्यात कुसळ जाते, पाचटाचे पाते लागते. डोळा लाल होतो, पाणी गळू लागते. दोन दिवस झाडपाल्याचा रस घातला जातो. मग दुकानातून थेंब आणले जातात. या थेंबांत स्टिरॉइड असले तर लाली उतरते आणि रुग्णास बरे वाटू लागते. परंतु कुसळाबरोबर बुबुळावरील पारदर्शक पडद्यात शिरलेली बुरशी त्याच काळात निर्वेध वाढत असते. आठवड्याने रुग्णालयात आल्यावर पिसासारख्या कडा असलेला पांढरट व्रण दिसतो. तो भरून आला तरी डोळ्यात फूल राहून जाते.

या व्रणाचे कारण बहुधा फ्युझेरियम किंवा अ‍ॅस्परजिलस या बुरशी असतात. जिवाणूंवरील थेंबांचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. दक्षिण भारतात घेतलेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नॅटामायसिनचे थेंब व्होरिकोनॅझोलच्या थेंबांपेक्षा सरस ठरले. हा फरक फ्युझेरियमच्या रुग्णांत विशेष ठळक होता. म्हणजे 'बुरशी आहे' एवढे कळणेही पुरेसे नसते. ती कोणती, हेही कळावे लागते.

पहिली परीक्षा

आजवर लाखाहून अधिक जातींच्या बुरशींची नोंद झाली असली, तरी मनुष्यास रोग जडविणाऱ्या जाती काही शेच आहेत. त्यांचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात: एकेका गोल पेशीच्या रूपात राहणारे किण्व आणि धाग्यांनी पसरणाऱ्या तंतुमय बुरशी. काही मोजक्या जाती मातीत तंतुरूप व शरीरात किण्वरूप धारण करतात.

त्वचेचा नमुना पाहण्याची रीत सोपी व स्वस्त आहे. नायट्याच्या चकत्याची जागा स्पिरिटने पुसून त्याच्या कडेवरील खपल्या बोथट पात्याने खरवडून घ्याव्यात. मधला भाग बरा होत आलेला असतो, तेथे बुरशी क्वचितच सापडते. रोग कडेने पुढे सरकत असतो. खपल्या कोरड्या कागदाच्या पुडीत ठेवाव्यात; बंद ओलसर बाटलीत ठेवल्यास त्यांवर जिवाणू माजतात. काचपट्टीवर घेतलेल्या खपलीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा १० ते २० टक्के द्राव टाकला, की त्वचेतील केराटिन विरघळते व बुरशीचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. त्वचेच्या खपलीस काही मिनिटे पुरतात. नखाच्या तुकड्यास काही तास थांबावे लागते. ज्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक आहे तेथे ही परीक्षा न करता औषध लिहून देणे समर्थनीय नाही.

तंतू दिसले म्हणजे नायट्याचे निदान झाले. जात मात्र संवर्धनावरूनच ठरते. त्यासाठी वापरण्यात येणारे माध्यम साबुरो या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाच्या नावाने ओळखले जाते. त्यावर तीन-चार आठवडे वाढ पाहावी लागते. मायक्रोस्पोरमचे मोठे बीजाणू चातीच्या आकाराचे व खरबरीत भिंतीचे, एपिडर्मोफायटॉनचे गदेसारखे गुळगुळीत, तर ट्रायकोफायटॉनचे लांबट, पातळ भिंतीचे व संख्येने विरळ असतात. एपिडर्मोफायटॉन केसांना लागत नाही; मायक्रोस्पोरम सहसा नखांना लागत नाही.

ही ओळख आता अधिकच निकडीची झाली आहे. स्टिरॉइडमिश्रित मलमांमुळे नायट्याचे रूप पालटते, कड पुसट होते आणि रोग अंगभर पसरतो. त्यातच, २०२० साली ज्या बुरशीस ट्रायकोफायटॉन इंडोटिनिई हे नाव मिळाले, तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे एरवी भरवशाचे औषध निष्प्रभ ठरते. संवर्धनात ही जात तिच्या जवळच्या नातलगांसारखीच दिसते. खात्रीसाठी जनुकीय तपासणी करावी लागते. पूर्वी जो नायटा दोन-तीन आठवड्यांत बरा होई, त्यास आता महिनोन्‌महिने का लागतात, याचे एक उत्तर येथे आहे.

मदुरा पाय

अनवाणी चालणाऱ्याच्या पायात काटा मोडतो आणि कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी, तेथे न दुखणारी सूज येते. मग तिला तोंडे फुटून त्यांतून स्रावाबरोबर बारीक दाणे बाहेर पडतात. मदुराई भागातील अशा रुग्णांवरून या रोगास नाव पडले. पण त्याचा शास्त्रीय अभ्यास आपल्या मुंबईत झाला. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करणारे व पुढे साताऱ्यास सिव्हिल सर्जन असलेले डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी १८६० साली त्यास 'मायसेटोमा' हे नाव दिले आणि १८७४ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' या सुविख्यात ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीतील आकृत्या काढणारे ते हेच कार्टर.

कार्टर यांनी रोगाचे मूळ बुरशीत शोधले, ते अंशतःच खरे होते. यातील बऱ्याच रुग्णांत बुरशी नसून तंतुरूप जिवाणू असतात, हे पुढे उघड झाले. बाहेरून दोन्ही पाय सारखेच दिसतात, परंतु एकास प्रतिजैविकांनी गुण येतो, तर दुसऱ्यास दीर्घकाळ बुरशीनाशके देऊनही पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते. निवाडा दाण्यावर होतो. काळा दाणा बुरशीचा, लाल दाणा जिवाणूचा. पांढरा किंवा पिवळसर दाणा दोहोंपैकी कोणाचाही असू शकतो. दाणा चिरडून रंगवून पाहिल्यास जिवाणूचे धागे अवघे एक मायक्रॉन जाडीचे, तर बुरशीचे तंतू कित्येक पट जाड दिसतात. एवढ्याशा फरकावर एखाद्याचा पाय राहणार की जाणार, हे अवलंबून असते.

म्युकर

२०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले. त्यांत अनियंत्रित मधुमेह असलेल्यांचा व स्टिरॉइड घेतलेल्यांचा भरणा होता. त्याच वर्षी २० मे रोजी केंद्र शासनाने हा रोग १८९७ च्या साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्याविषयी राज्यांना कळविले. 'काळी बुरशी' हे नाव तेव्हा रूढ झाले. वस्तुतः ही बुरशी प्रथम पांढरी व नंतर राखी दिसते. काळे पडते ते रक्तपुरवठा तुटल्यामुळे मृत झालेले मांस.

नाकातून काढलेल्या तुकड्यात म्युकरवर्गीय बुरशीचे तंतू रुंद, फितीसारखे, जवळजवळ बिनपडद्यांचे असतात व त्यांना काटकोनाच्या सुमारास फाटे फुटतात. अ‍ॅस्परजिलसचे तंतू अरुंद, पडदे असलेले व लघुकोनात दुभागणारे असतात. अ‍ॅस्परजिलसवर प्रथम द्यावयाचे व्होरिकोनॅझोल म्युकरवर निरुपयोगी आहे. तेथे अ‍ॅम्फोटेरिसिन-बी द्यावे लागते आणि मृत भाग शस्त्रक्रियेने काढावा लागतो.

या बुरशींचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. म्हणून संवर्धनाच्या ताटलीवर उगवलेली प्रत्येक बुरशी रोगाचे कारण मानता येत नाही. तीच नमुन्यातही दिसली, तर निष्कर्षास बळ येते. उलट, नमुन्यात तंतू दिसूनही ताटली रिकामी राहण्याचा अनुभव प्रयोगशाळांना नेहमी येतो. म्युकरचे तंतू नाजूक असल्याने तुकडा वाटला की ते मरतात. म्हणून तो बारीक चिरूनच माध्यमावर ठेवावा. नायट्यासाठी वापरावयाच्या माध्यमात सायक्लोहेक्झिमाइड असते. ते म्युकर व अ‍ॅस्परजिलस यांची वाढ रोखते, तेव्हा या नमुन्यांसाठी ते नसलेले माध्यम घ्यावे. शस्त्रक्रियेच्या वेळी तुकड्याचे दोन भाग करून एकच भाग फॉर्मॅलिनमध्ये घालावा. संवर्धनासाठीचा दुसरा भाग निर्जंतुक सलाइनमध्ये त्वरित पाठवावा आणि सोबतच्या चिठ्ठीवर 'बुरशीचा संशय' असे स्पष्ट लिहावे.