उन्हाळ्यांतील पायपीट आणि सोबतीचें कुत्रें

उन्हाळ्याची सुटी लागली कीं पुष्कळ विद्यार्थी आपापल्या गांवीं जातात आणि घरचें कुत्रें बरोबर घेऊन माळावर व डोंगराकडे हिंडावयास निघतात. हा छंद उत्तम आहे. पायीं हिंडल्यावांचून आपल्या मुलखाची ओळख होत नाहीं, आणि कुत्र्यासारखा सोबती दुसरा मिळणें कठीण. परंतु चैत्रवैशाखांतील ऊन आपणांस जसें सोसतें तसें कुत्र्यास सोसत नाहीं, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत असते. ती नीट समजून घ्यावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

ह्या विषयांत आपले खरे गुरु म्हणजे धनगर लोक होत. आपल्या अहमदनगर जिल्ह्यास २०२४ सालीं अहिल्यानगर हें नांव मिळालें. तें ज्या अहिल्याबाई होळकरांचें, त्यांचा जन्म १७२५ सालीं जामखेड तालुक्यांतील चौंडी येथें धनगर कुळांतच झाला. पारनेर तालुक्यांतील ढवळपुरीकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरें घेऊन कोंकणाकडे उतरतात आणि पावसाळा जवळ आला म्हणजे घाट चढून पुन्हां देशावर येतात. घोड्यावर संसार, पुढें मेंढरें आणि सोबतीस कुत्रीं, असा त्यांचा वाडा शेंकडों किलोमीटर चालतो. विलायतेंत कॉली जातीचें कुत्रें मेंढरें वळण्याचें काम करतें. आपल्याकडे मेंढरें माणूस वळतो. कुत्र्याचें मुख्य काम रात्रीं लांडग्यापासून राखण करण्याचें. दिवसा चालून रात्रीं जागणारें हें जनावर दमून पडलें तर सारा वाडा उघडा पडेल. उन्हाळ्यांत धनगर पहाटे निघतो, ऊन चढलें कीं झाडाखालीं थांबतो आणि उन्हें कललीं म्हणजे पुन्हां चालूं लागतो. त्यांत मेंढरांची सोय आहे, तशीच कुत्र्याचीही आहे.

ती कशी, हें शरीरशास्त्र सांगतें. मनुष्याच्या सर्वांगास घाम येतो, आणि तो वाळतांना अंगांतील उष्णता घेऊन जातो. कुत्र्यास असा घाम मुख्यतः पायांच्या तळव्यांसच येतो. तेवढ्यानें त्याचें भागत नाहीं. म्हणून तें धापा टाकतें. जलद श्वासाबरोबर जीभ, तोंड व नाक ह्यांवरील ओलावा उडून जातो आणि अंग निवतें. ह्यावरून तीन गोष्टी निघतात. पहिली, हा ओलावा अंगांतील पाण्यांतूनच येतो. म्हणून वाटेंत वारंवार पाणी मिळालेंच पाहिजे. दुसरी, वळवाच्या पावसापूर्वीं हवा दमट होते तेव्हां ओलावा लवकर उडत नाहीं. म्हणून आभाळ आलें एवढ्यावरून धोका टळला असें समजूं नये. तिसरी, आपल्याकडील काळा खडक व डांबरी रस्ता हवेपेक्षां पुष्कळच अधिक तापतो. आपल्या पायांत वहाणा असतात. कुत्रें अनवाणी असतें आणि त्याचें पोट जमिनीजवळ असतें. हाताची पालथी बाजू रस्त्यावर पांचसात सेकंद ठेवून पाहावी. आपणांस चटका सोसवत नसेल तर त्या वाटेनें कुत्र्यास नेऊं नये.

आतां एक हिशेब करूं. नगरपासून सुमारें १३ किलोमीटरवर शहा डोंगर आहे. त्यावर सलाबतखानाची कबर असून लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. ताशीं ४ किलोमीटर चालीनें पहाटे ५ वाजतां निघालेला मुलगा तेथें सव्वाआठ वाजतां पोंचेल, आणि लगेच परत फिरला तरी घरीं यावयास साडेअकरा वाजतील. म्हणजे परतीची बहुतेक वाट भर उन्हांत पडेल. तोच मुलगा साडेसहा वाजतां ६ किलोमीटरवरून मागें वळला तर आठ वाजतां घरीं येईल. कुत्रें बरोबर असतांना हा दुसराच हिशेब खरा. पाण्याचाही हिशेब असतो. श्रम नसतांनाही कुत्र्यास दर किलो वजनामागें दिवसाकाठीं सुमारें ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतें. म्हणजे १५ किलो वजनाच्या कुत्र्यास ७५० ते ९०० मिलिलिटर झालें. उन्हांत चालतांना त्याहून अधिक लागणार. म्हणून आपल्या पाण्याखेरीज त्याच्यासाठीं निराळें पाणी व एक पसरट भांडें बरोबर घ्यावें.

निरोगी कुत्र्याच्या अंगाचें उष्णमान सुमारें ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतें. तें ४१ अंशांपलीकडे गेलें म्हणजे प्राणावर बेततें. विसांवा देऊनही धापा न थांबणें, लाळ चिकट होणें, हिरड्या लालभडक दिसणें, ओकारी येणें व झोकांड्या जाणें हीं उष्माघाताचीं लक्षणें होत. अशा वेळीं कुत्र्यास तत्काळ सावलींत न्यावें, अंगावर गार पाणी ओतीत वारा घालावा, तें आपण होऊन पिईल तेवढेंच पाणी पिऊं द्यावें, आणि विलंब न करतां पशुवैद्याकडे न्यावें.

माळावर आणखीही कोणाचा संसार असतो, तो विसरूं नये. टिटवी ह्याच दिवसांत उघड्यावर खड्यांमध्यें अंडीं घालते. ऊन फार झालें म्हणजे ती पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून आणते व अंडीं गार राखते. मोकळें सोडलेलें कुत्रें हा तिचा सारा खटाटोप क्षणांत मातीस मिळवील. तिची ओरड ऐकूं आली कीं कुत्र्यास दोरी लावावी आणि वाट बदलावी.

मनुष्य थकला म्हणजे बोलून दाखवितो. कुत्रें बोलत नाहीं, आणि पुष्कळदां थांबतही नाहीं. धनी चालतो आहे तोंवर तें मागून येतच राहतें. महाभारतांतील महाप्रस्थानिक पर्वांत युधिष्ठिरामागून शेवटपर्यंत चालत गेलेल्या कुत्र्याची कथा आपण ऐकिली आहे. त्यास सोडून स्वर्गांत पाऊल टाकण्याचें युधिष्ठिरानें नाकारलें. आपल्यापुढें एवढा कठीण प्रसंग येत नाहीं. आपणांस केवळ वेळीं थांबावयाचें असतें. जो पुढें चालतो त्यानेंच मागून येणाऱ्याचा थकवा ओळखला पाहिजे. कारण मागून येणाऱ्यानें तें काम विश्वासानें त्याच्यावर सोंपविलेलें असतें. म्हणून मूल रानांतून घरीं आलें म्हणजे तूं किती लांब गेलास, असें पालकांनीं मागाहून विचारावें; कुत्र्यासाठीं कोठून परत फिरलास, हें आधीं विचारावें.