पाऊस तेवढाच, मग माती जास्त का वाहते?

प्रश्न : वडिलांच्या काळी रानात ओघळी पडत नसत. वर्षाचा पाऊस साधारण तेवढाच आहे. मग आता धूप का वाढली?
– एक शेतकरी, पाटोदा (जि. बीड)

उत्तर : वर्षाची बेरीज पाहून धूप कळत नाही; पाऊस किती जोराने पडतो ते पाहावे लागते. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी दाखवले आहे.

पण सगळा दोष पावसाचा नाही. सलग रान हवे म्हणून जुने बांध मोडले गेले, ट्रॅक्टरची नांगरट उताराच्या दिशेने होऊ लागली. त्यामुळे पाणी न अडता वेगाने वाहते, आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची ऊर्जा चौपट होते. शिवाय रब्बी ज्वारीसाठी रान पावसाळाभर उघडे राहते, आणि जनावरे घटल्याने शेणखतही कमी पडते.

धूप स्वतःला वाढवत नेते, हे मला सर्वांत गंभीर वाटते. आधी सेंद्रिय अंश असलेला वरचा पातळ थर जातो, आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. मग जमीन पाणी कमी मुरवते, वाहणारे पाणी वाढते, ओघळीची घळ होते. पुढे मुरूम उघडा पडला की धूप थांबल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात वाहायला माती उरलेली नसते.

तुमच्याकडे अजून माती आहे. यंदा मृगाआधी समपातळीत बांध घाला, त्यांवर गवत लावा, उताराला आडवी पेरणी करा आणि खरिपात मूग किंवा उडीद घेऊन रान झाकलेले ठेवा.