आरओचं वाया जाणारं पाणी

प्रश्न : आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस ९०० आहे. आरओच्या नळीतून बाहेर पडणारं पाणी झाडांना घातलं तर चालेल का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, ते पाणी घाण नसतं, फक्त जास्त खारं असतं. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर बाहेर पडत असेल, तर त्याचा टीडीएस साधारण १२०० होतो. कुंडीतल्या तुळशीला ते रोज घालू नका. क्षार मातीत साठतात, पानांच्या कडा करपतात आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो. कूलरमध्येही नको, जाळ्यांवर खर बसते.

नळी सरळ बादलीत सोडा. फरशी पुसायला, खरकटी भांडी विसळायला आणि मुख्य म्हणजे संडासात ओतायला ते उत्तम. पिण्याचं पाणी संडासात ओतणं मला बघवत नाही, आणि लातूरकरांना तर ते सांगायलाच नको. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आंघोळीचं साबणाचं पाणीही संडासातच वापरा, पण त्याच दिवशी. शिळं झालं की वास मारतं, डासही होतात.

महापालिकेचं पाणी येत असेल तर त्याचाही टीडीएस मोजा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चालतो. तेवढाच असेल आणि तपासणीत फ्लोराइड, नायट्रेटसारखा दोष निघाला नाही, तर पिण्यासाठी ते पाणी घ्या. साधा यूव्ही फिल्टर पुरतो, आणि तो पाणी वाया घालवत नाही.