क्रियापद आधी : ऑटोलिस्पचे व्याकरण आणि मराठी विद्यार्थी

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. पुढे नोकरीच्या निमित्ताने ते सुरतेत आले आणि १८४४ मध्ये येथेच दुर्गाराम मेहताजी प्रभृतींसह त्यांनी मानवधर्म सभा स्थापन केली. सुरतेत मराठी शिकवणाऱ्याला त्यांची आठवण येणे साहजिक आहे. मला मात्र ती अलीकडे एका संगणकीय भाषेमुळे आली.

माझी एक माजी विद्यार्थिनी उधन्यात यंत्रभागांचे आराखडे काढते. शिक्षण महापालिकेच्या मराठी शाळेत, घरची बोली अहिराणी. आराखड्यासाठी ती ऑटोकॅड वापरते. तेच ते काम हाताने पुन्हा पुन्हा करावे लागू नये म्हणून त्यात ऑटोलिस्प ही आज्ञाभाषा १९८६ पासून आहे. ती ही मुलगी स्वतःच शिकू लागली. २५ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीत बरोबर मध्यावर छिद्र हवे होते. तिने रुंदीला दोनने भागायला सांगितले, उत्तर १२ आले. छिद्र अर्धा मिलिमीटर सरकले, पट्ट्या तशाच तयार झाल्या आणि नुकसान तिच्या पगारातून वळते झाले. ‘‘मॅडम, माझं इंग्रजी कच्चं ना, म्हणून झालं,’’ असे ती म्हणाली. मला ते पटले नाही. चूक व्याकरणाची होती, आणि व्याकरण तिला मराठीतून समजावता येण्याजोगे होते.

तिने लिहिले होते : (/ २५ २). लिहायला हवे होते : (/ २५ २.०). (येथे आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत, संगणकावर त्या रोमन लिपीतच लिहाव्या लागतात.) ऑटोलिस्पमध्ये २५ हा पूर्णांक, २५.० ही दशांशी संख्या आणि अवतरणचिन्हांतले "२५" ही केवळ अक्षरांची माळ, म्हणजे स्ट्रिंग. दिसायला तिन्ही पंचवीसच, पण जाती तीन. दोन्ही पूर्णांक असले की भागाकारही पूर्णांकच येतो आणि अपूर्णांक मुकाट्याने गळतो. मराठीला हा प्रकार नवा नाही. ‘तो वेळ’ म्हणजे कालावधी, ‘ती वेळ’ म्हणजे नेमका क्षण. शब्द तोच, लिंग बदलले की अर्थ बदलला. आपण लिंग संदर्भाने ओळखतो, यंत्र जात केवळ लेखनावरून ओळखते. म्हणूनच अर्धा लिहायचा तर ०.५ असा, बोलताना आपण ‘पॉइंट पाच’ म्हणून शून्य खातो, येथे ते खाल्ले की आज्ञाच नाकारली जाते. जातीबद्दल शंका असेल तर (टाइप २५.०) असे विचारावे. उत्तर मिळते ‘रिअल’.

आता वाक्यरचना. मराठी वाक्याचे क्रियापद बहुधा शेवटी असते; ऑटोलिस्पचे नेहमी सुरुवातीला. ‘पाच आणि तीन यांची बेरीज कर’ हे तिथे (+ ५ ३) असे होते. आज्ञार्थात आपणही ‘आण रे पाणी’ म्हणतोच, त्यामुळे हे फारसे अडत नाही. अडते ते दुसरीकडे. मराठीत विभक्तिप्रत्यय कर्ता-कर्म सांगतात, म्हणून ‘रामाने आंबा खाल्ला’ आणि ‘आंबा रामाने खाल्ला’ या दोन्हींत खाणारा रामच. ऑटोलिस्पला प्रत्यय नाहीत. (- १० ३) म्हणजे ७, (- ३ १०) म्हणजे उणे ७. शब्दाची जागा हीच त्याची विभक्ती, हे एकदा फळ्यावर मांडले की मुले पुन्हा चुकत नाहीत. वाक्यात वाक्य आले तर आतला कंस आधी सुटतो : (* २ (+ ३ ४)) याचे उत्तर १४.

कंसातला पहिला शब्द क्रियापद मानला जात असल्याने (१० २०) असे लिहिले की यंत्र ‘१०’ नावाची क्रिया शोधू लागते आणि तक्रार करते. ही क्रिया नव्हे, बिंदूचे दोन निर्देशांक आहेत, हे सांगायला आधी एक चिन्ह द्यावे लागते : '(१० २०). ‘राम वनात गेला’ आणि ‘‘राम’ दोन अक्षरी शब्द आहे’ यांत जो फरक, तोच हा. पहिल्यात शब्द वापरला आहे, दुसऱ्यात त्याचा नुसता उल्लेख आहे. हा फरक आठवीच्या वर्गातही सांगता येतो. आपण तो सांगत नाही, ही वेगळी गोष्ट.

मला सर्वांत गंमत वाटली ती शुद्धलेखनाची. (सेटक्यू रुंदी २५.०) म्हटले की ‘रुंदी’ या नावात २५.० साठते. पुढे कोणी चुकून ‘रूंदी’ असे दीर्घ लिहिले, तर यंत्र तिथे काहीच बोलत नाही. ते नाव कोरे, म्हणजे ‘निल’, समजते. चार ओळींनंतर त्या निलला भागायची वेळ आली की मग संख्या हवी होती म्हणून थांबते. म्हणजे बोट भागाकाराकडे दाखवले जाते आणि चूक असते ऱ्हस्वदीर्घात. विद्यार्थिनीने परवा अशीच एक चूक मला फोनवर वाचून दाखवली. भागाकारात काहीच वावगे नव्हते. ‘‘मग वर बघ, नाव कसं लिहिलंयस,’’ एवढेच मी म्हटले. तिला ते तिसऱ्या ओळीत सापडले.