कॉपी केस झाली म्हणून सगळं संपलं नाही गं!

अगं, आधी डोळे पूस आणि ती नोटीस नीट वाच. बाकाखाली सापडलेली चिठ्ठी भरारी पथकाने तुझ्या नावावर टाकली, आणि तू लगेच नागपूरच्या वकिलाची फी विचारत सुटलीस!

खरं सांगू का, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलीस तरी बहुधा पहिला प्रश्न हाच येईल, ‘विद्यापीठात दाद मागितली का?’ 2011 ला आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ झालं, तेव्हापासून ती दाद गडचिरोलीतच मागता येते. मग नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर दे. चिठ्ठीची आणि पर्यवेक्षकाच्या अहवालाची प्रत माग. एका पानात मुद्दा मांड. माझ्या कॉलेजातल्या पहिल्या अर्जात धानाच्या नुकसानीपासून आजीच्या गुडघ्यांपर्यंत सगळं होतं, तक्रार तेवढी राहिली! आणि बघ, तुझ्या प्रतीवर आवकचा शिक्का पडल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. ‘सरांनी ठेवून घेतला’ ही काही पोच नव्हे.

नियम डावलून शिक्षा झालीच, तर यूजीसीचे 2023 चे नियम आहेत. विद्यार्थी तक्रार निवारण समितीने कामकाजाच्या 15 दिवसांत अहवाल द्यायचा. तो पटला नाही तर 15 दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. तिथे तुझी बाजू तूच मांडू शकतेस, वकील लागत नाही.

पण परीक्षा तोंडावर असेल आणि तुझं ऐकूनच घेतलं नसेल, तर कोर्टाला उशीर करू नकोस. मे 2025 मध्ये पुण्याच्या एका अभियांत्रिकी कॉलेजने समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून विद्यार्थिनीला काढून टाकलं, तिची बाजू न ऐकता. मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश स्थगित केला आणि तिचा परीक्षेला बसायचा मार्ग मोकळा केला. मात्र ‘चिठ्ठी माझी नव्हतीच’ एवढ्यावर कोर्ट शिक्षा फिरवेल, या भरवशावर राहू नकोस. दहावीच्या गुणांतल्या फेरफाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच राज्य मंडळाच्या बाजूने कौल दिला; अशा चौकशीत फौजदारी खटल्याइतका पुरावा लागत नाही.

वकिलाच्या पैशांसाठी आईच्या बांगड्यांकडे बघू नकोस हं. चंद्रपूर काय, गडचिरोली काय, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण दोन्हीकडे आहे, आणि बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट नाही. जाताना नोटीस, हॉल तिकीट आणि शिक्क्याची प्रत सोबत ने. आज मात्र आधी जेव, मग उत्तर लिहायला बस. कच्चं लिहून झालं की मला पाठव, लांबलेलं मी कापते.