दुबळ्या संघाने कसे खेळावे? : सामन्यापूर्वीच्या चर्चेचा एक अभ्यास

खेळ संपल्यावर शहाणे होणाऱ्यांची उणीव जगात कोठेही नाही. परंतु खेळ सुरू होण्यापूर्वी डोके चालवणाऱ्यांचाही एक वर्ग असतो आणि त्याला रिकामटेकडा म्हणून आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या वर्गाच्या बोलण्याचा विचार करण्याचे मी योजले आहे. उदाहरणासाठी घेतली आहे ती अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे शिकण्यासारखे बरेच आहे, असे मला वाटते. अनिश्चित गोष्टीविषयी नीट विचार कसा करावा, हे पुस्तकात जितके सापडते तितकेच ते या प्रेक्षकांच्या वादातही सापडते.

एन. सी. ए. ए. या संस्थेची ही पुरुषांची स्पर्धा १९३९ मध्ये सुरू झाली. १९८५ पासून तीत ६४ संघ येऊ लागले. २०११ मध्ये ही संख्या ६८ झाली. देशाचे चार विभाग पाडलेले असतात आणि प्रत्येक विभागात संघांना १ ते १६ अशी मानांकने मिळतात. पहिल्या मानांकनाची गाठ सोळाव्याशी, दुसऱ्याची पंधराव्याशी, अशी जोडी लागते. स्पर्धा बाद पद्धतीची. एक सामना हरला की संघ घरी. कोणाची गाठ कोणाशी, हे रविवारी जाहीर होते आणि मुख्य फेरी गुरुवारी सुरू होते. या मधल्या तीन-चार दिवसांत वसतिगृहात, उपाहारगृहात, कचेरीत, माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत एकच विषय असतो. समोरचा संघ आपल्यापेक्षा चांगला आहे, हे तर सर्वांना कबूल असते. पण लढत सात सामन्यांची नसून एकाच सामन्याची आहे. तेव्हा प्रश्न उरतो तो हा, की या एका दिवसापुरते आपण काय करावे?

या चर्चेत मुख्यतः चार मुद्दे येतात : खेळाची गती, बचाव, फाउल आणि लांबून मारलेले फटके. ते क्रमाने पाहू.

१. गतीचा प्रश्न

पहिला सल्ला बहुधा असा असतो : "सावकाश खेळा. चेंडू हातात ठेवा." त्यावर कोणीतरी हरकत घेतो, की सावकाश खेळलो तर आपल्याच संधी कमी होतील. ही हरकत वरवर खरी वाटते. परंतु बास्केटबॉलमध्ये एका बाजूचा प्रयत्न संपला की चेंडू बहुधा दुसऱ्या बाजूकडे जातो. त्यामुळे दोन्ही संघांच्या पाळ्या जवळजवळ सारख्याच होतात. सावकाश खेळल्याने संधी कमी होतात हे खरे, पण त्या दोघांच्याही कमी होतात. यात फायदा कोणाचा?

एक साधे गणित करून पाहू. समजा, दोन मुले गोट्या खेळत आहेत आणि त्यांतला तरबेज मुलगा दहांपैकी सहा डाव जिंकतो. एकच डाव खेळायचा ठरला, तर कच्च्या मुलाला शंभरांत ४० संधी आहेत. तीन डावांत जास्त जिंकेल तो विजयी, असे ठरले तर त्याच्या संधी ३५ वर येतात. पाच डावांत सुमारे ३२ आणि सात डावांत २९. म्हणजे डाव जितके वाढतील, तितके तरबेज मुलाचे कौशल्य वर येत जाते. डाव जितके थोडे, तितका नशिबाला वाव अधिक. दुबळ्या संघाने पाळ्यांची संख्या कमी करावी, या सल्ल्यामागे हे गणित आहे. वहीत न मांडताही ते कित्येक प्रेक्षकांना अंगवळणी पडलेले असते.

याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९८५ चा अंतिम सामना. एका बाजूस आदल्या वर्षीचा विजेता जॉर्जटाउन. त्यांचा उंचापुरा खेळाडू पॅट्रिक युइंग चार वर्षांत तिसऱ्यांदा अंतिम सामना खेळत होता. दुसऱ्या बाजूस आठव्या मानांकनाचा, त्या हंगामात दहा सामने हरलेला व्हिलानोव्हा. त्याच हंगामात जॉर्जटाउनने त्यांना दोनदा हरवले होते. केवळ निकाल पाहणारा येथेच थांबेल. पण आकडे पाहणाऱ्याला काही वेगळे दिसले असते. ते दोन सामने ५२-५० (तोही जादा वेळेत) आणि ५७-५० असे सुटले होते. गुण थोडे आणि अंतरही थोडे. शिवाय या स्पर्धेत व्हिलानोव्हाने डेटनला ५१-४९, मिशिगनला ५९-५५, मेरीलँडला ४६-४३, नॉर्थ कॅरोलिनाला ५६-४४ आणि मेम्फिस स्टेटला ५२-४५ असे हरवले होते. पाचांपैकी एकही प्रतिस्पर्धी ५५ च्या पुढे गेलेला नव्हता.

१ एप्रिल १९८५ रोजी केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे सामना झाला. ठरावीक सेकंदांत फटका मारलाच पाहिजे, असे बंधन घालणारे शॉट क्लॉक त्या स्पर्धेत नव्हते. प्रशिक्षक रॉली मॅसिमिनो यांच्या खेळाडूंनी मनासारखी संधी येईपर्यंत चेंडू फिरवत ठेवला. जॉर्जटाउनने ५३ फटके मारले, व्हिलानोव्हाने फक्त २८. पण त्या २८ पैकी २२ आत गेले. उत्तरार्धात तर दहा फटक्यांत एकच चुकला. व्हिलानोव्हा ६६-६४ असा जिंकला. त्यानंतर २०२५ पर्यंतच्या चाळीस वर्षांत इतक्या खालच्या मानांकनाचा संघ विजेता झालेला नाही.

पुढच्याच हंगामात ४५ सेकंदांचे शॉट क्लॉक आले. १९९३-९४ मध्ये ते ३५ वर आणि २०१५-१६ मध्ये ३० वर आले. नियमाने सावकाश खेळाची कोंडी केली, पण युक्ती मेली नाही. १९९६ मध्ये ३५ सेकंदांचे बंधन असतानाही प्रिन्स्टनने आदल्या वर्षीच्या विजेत्या यू. सी. एल. ए. ला ४३-४१ असे हरवले.

२. बचावाचा प्रश्न

गतीचा सल्ला पटला, तरी तो सर्वांना लागू पडतो का? येथे चर्चा अधिक सूक्ष्म होते. समोर सात फुटी खेळाडू असेल, तर मॅन-टू-मॅन बचावात त्याला एकट्याने अडवणे कठीण. मग झोन पद्धतीने बास्केटजवळची जागा दाटून धरावी आणि त्यांना लांबून मारायला लावावे, असे एकाचे म्हणणे. दुसरा म्हणतो, की त्याच्यापर्यंत चेंडू पोहोचूच देऊ नये. चेंडू आणणाऱ्या खेळाडूंनाच अर्ध्या मैदानापलीकडे सतावावे.

या वादाचे उत्तम उत्तर २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सन या सोळाव्या मानांकनाच्या संघाने दिले. त्या वर्षी पहिल्या श्रेणीतील सर्व संघांत सरासरी उंची सर्वांत कमी होती ती त्यांची. समोर पहिल्या मानांकनाचा पर्ड्यू आणि त्यांचा झॅक ईडी, उंची ७ फूट ४ इंच. या बुटक्या संघाने सावकाश खेळाची वाट धरली नाही. त्यांनी चपळाईने सतावले, ईडीच्या पुढे एक आणि मागे एक असा वेढा दिला आणि बाकीच्यांना लांबून मारण्याची मोकळीक दिली. ईडीने तरीही २१ गुण आणि १५ रिबाउंड मिळवले. परंतु पर्ड्यूचे तीन गुणांचे २६ फटके गेले आणि त्यांतले फक्त पाच आत पडले. सामना ६३-५८ असा फेअरली डिकिन्सनने जिंकला.

मग गोट्यांचे गणित खोटे ठरले का? माझ्या मते नाही. ते गणित डावांची संख्या किती असावी एवढेच सांगते; डाव कोणत्या प्रकारचा असावा, हे सांगत नाही. जो खेळ समोरच्याला सर्वांत कमी सोसतो, तोच त्याला खेळायला लावणे हा तितकाच मोठा विचार आहे. सावकाश खेळण्याने एखाद्या उंच संघाला उलट आरामच मिळेल. चांगल्या चर्चेत हे दोन्ही विचार एकमेकांवर घासून पाहिले जातात.

३. फाउलचा प्रश्न

मुद्दाम फाउल करणे हे नवख्या प्रेक्षकाला अखिलाडू वाटते. जाणकार त्याचा हिशेब मांडतात. महाविद्यालयीन नियमात एका अर्धात ठरावीक फाउल झाले, की समोरच्याला 'वन-अँड-वन' मिळतो : पहिला फ्री थ्रो आत गेला तरच दुसरा मारता येतो. शंभरांत ८० फ्री थ्रो आत टाकणाऱ्या खेळाडूला यातून सरासरी १.४४ गुण मिळतात. ६० टाकणाऱ्याला ०.९६ आणि ५० टाकणाऱ्याला केवळ ०.७५. एका पाळीतून साधारण एक गुण निघतो असे धरले, तर कच्च्या नेमबाजाला फाउल करण्यात फारसे नुकसान नाही. वर घड्याळही थांबते. म्हणून सामन्याआधी 'त्यांच्यात फ्री थ्रो कोणाचा कच्चा?' ही चौकशी होते, ती उगाच नव्हे.

१९८३ च्या अंतिम सामन्यात हेच घडले. ह्यूस्टन सलग २६ सामने जिंकून आला होता. ओलाजुवॉन आणि ड्रेक्सलर हे पुढे नामांकित झालेले खेळाडू त्यांच्याकडे होते. नॉर्थ कॅरोलिना स्टेट हंगामात दहा सामने हरला होता. सामना पाच हजार फुटांहून अधिक उंचीवरच्या अल्बुकर्की गावी होता. तेथील विरळ हवेत धावणाऱ्या संघाची दमछाक व्हायची. मध्यंतरानंतर ह्यूस्टनने मुसंडी मारून आघाडी घेतली आणि मग त्यांच्याच प्रशिक्षकाने गती कमी केली. बलवान संघ आपण होऊन सावकाश खेळू लागला! स्टेटचे प्रशिक्षक जिम वॉल्व्हानो यांनी फाउल करून त्यांना फ्री थ्रोच्या रेषेवर पाठवण्याचा धोका पत्करला. ह्यूस्टनचे १९ पैकी १० फ्री थ्रो आत गेले. शेवटच्या क्षणी आखूड पडलेला फटका लॉरेन्झो चार्ल्सने हवेतच धरून बास्केटमध्ये कोंबला आणि सामना ५४-५२ असा संपला.

४. लांबच्या फटक्यांचा प्रश्न

१९८६-८७ पासून लांबून मारलेल्या फटक्याला सर्वत्र तीन गुण मिळू लागले आणि चर्चेत नवा विषय आला. जवळून दोनांत एक फटका आत जाणे आणि लांबून तीनांत एक जाणे, सरासरीने सारखेच. दोन्हींत फटक्यामागे एक गुण. पण चढउतार लांबच्या फटक्यात पुष्कळ जास्त. बलवान संघाला चढउतार नको असतो, दुबळ्याला हवा असतो. रोजच्यासारखे खेळून जो हरणारच आहे, त्याने असा मार्ग धरावा की वाईट दिवशी तीस गुणांनी हरेल, पण चांगल्या दिवशी जिंकेलही. बाद पद्धतीत तीस गुणांची हार आणि एका गुणाची हार यांची किंमत एकच असते.

१६ मार्च २०१८ रोजी असा चांगला दिवस उगवला. तोवर पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्या मानांकनाचे संघ पहिल्या मानांकनाशी १३५ वेळा खेळून १३५ वेळा हरले होते. त्या दिवशी यू. एम. बी. सी. या मेरीलँडमधील संघाने व्हर्जिनियाला ७४-५४ असे हरवले. विजेत्यांचे तीन गुणांचे २४ पैकी १२ फटके आत गेले. व्हर्जिनियाचे २२ पैकी अवघे ४. शिवाय व्हर्जिनिया स्वतःच सावकाश खेळणारा संघ होता. मध्यंतराला गुणसंख्या २१-२१ होती, म्हणजे बलवानानेच डाव थोडे ठेवले होते.

चर्चेची खरी कसोटी

आतापर्यंतची उदाहरणे मी विजयाची घेतली. आणि या चर्चेतला मोठा धोका नेमका तेथेच आहे. बेत फळला की तो शहाणपणाचा आणि फसला की मूर्खपणाचा, असे मानण्याची आपणां सर्वांना खोड असते. सोळाव्या मानांकनाचे १३५ संघ हरले. त्यांतल्या कित्येकांचे बेत नीट विचार करूनच आखलेले असतील.

व्हर्जिनियाची पुढची हकीकत या दृष्टीने बोधप्रद आहे. २०१८ च्या नामुष्कीनंतर 'हा सावकाश खेळ या स्पर्धेत चालायचा नाही' असे बोलणारे पुष्कळ निघाले. प्रशिक्षक टोनी बेनेट यांनी पद्धतीचा गाभा सोडला नाही. २०१९ मध्ये पहिल्याच सामन्यात, पुन्हा सोळाव्या मानांकनासमोर, संघ १४ गुणांनी मागे पडला आणि सावरला. उपांत्य सामना ६३-६२ असा, शेवटच्या सेकंदातल्या फ्री थ्रोंवर जिंकला. अंतिम सामन्यात टेक्सास टेकला जादा वेळेत ८५-७७ असे हरवून तोच संघ विजेता झाला. मग आदल्या वर्षी पद्धत वाईट होती आणि यंदा चांगली झाली, असे म्हणायचे का? ते फ्री थ्रो चुकले असते तर? पराभवाने जसे पद्धतीचे वाईटपण सिद्ध झाले नव्हते, तसेच विजयाने तिचे निर्विवाद चांगलेपणही सिद्ध होत नाही. निकाल हा पुरावा खरा, पण एका निकालाचा पुरावा फार अपुरा.

सामन्यापूर्वीच्या चर्चेचे मोल मला येथे दिसते. निकाल अजून कोणालाच माहीत नसतो. त्यामुळे प्रत्येकाला आपले म्हणणे कारणांच्या बळावरच मांडावे लागते. 'जिद्द हवी' एवढ्याने तेथे भागत नाही. जिद्द समोरच्याकडेही असते. गती कोणती, बचाव कोणता, फाउल कोणाला, याचे उत्तर द्यावे लागते आणि शेजारचा त्यातली फट लगेच दाखवतो.

आपल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या वेळी हा प्रयोग सहज करता येईल. सामन्याच्या आदल्या दिवशी आपला अंदाज आणि त्यामागची कारणे वहीत दोन-चार ओळींत लिहून ठेवावीत. निकालानंतर अंदाज बरोबर आला की चूक, एवढेच पाहून वही मिटू नये. कारणे टिकली का, हे एकेक करून तपासावे. अंदाज खरा ठरूनही कारणे खोटी निघालेली पाहिली, म्हणजे या अभ्यासाची गोडी आपोआप लागेल.